पगार लंडनचा, वही नाशिकची



संयोजकांनी मला ‘परदेशातील जीवन’ हा विषय दिला आहे. फोटोतलं परदेश तुम्ही ग्रुपवर पाहताच, म्हणून मी फक्त घरखर्चाबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात आपल्या वर्गातल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, “मुलाला लंडनला शिकायला पाठवतोय, महिन्याला किती लागतील?” दोघांची तर घर तारण ठेवायची तयारी आहे.

आम्ही 2012 मध्ये लंडनला गेलो. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पगार दोन. तरी पहिली काही वर्षं एक पगार घरभाडं आणि मुलांचं पाळणाघर यांतच संपायचा. शिवाय आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, तिथे कौन्सिल टॅक्स बहुधा राहणाऱ्याला भरावा लागतो. (घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो, हे मुलांना जरूर सांगा.)

सातवीत बाईंनी आम्हाला घरचा महिन्याचा जमाखर्च लिहून आणायला लावला होता. बाई समोरच बसल्या आहेत. बाई, ती वही मी अजून लिहिते. त्यातून कळलं की प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत मोजत बसलं तर माणूस कॉफीला घाबरतो आणि भाड्याकडे दुर्लक्ष करतो. खर्चाची मोठी कलमं तीनच: घर, प्रवास, मुलं. तिथे वाचलं तर वाचलं.

म्हणून आम्ही शहराच्या मध्यापासून लांब, वेंब्लीच्या बाजूला घर घेतलं. इलिंग रोडवर मेथी, तूरडाळ, कणकेची मोठी पिशवी, सगळं मिळतं. डबा घरून न्यायचा. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा गेलं की पिवळी चिठ्ठी लावलेला माल स्वस्तात मिळतो. बसला एकदा पैसे दिले की तासाभरात कितीही बस बदलता येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या नाशिकची द्राक्षं प्लॅस्टिकच्या डब्यात दिसतात. ती मात्र भाव न बघता घेते!

2022 चा हिवाळा अवघड गेला. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनची महागाई 11.1 टक्क्यांवर पोचली. साधारण घराचं गॅस-विजेचं वर्षाचं बिल वर्षभरापूर्वी 1,277 पौंड धरलं जायचं, ते सरकारने मदत करूनही अडीच हजारांवर गेलं. घरभाडंही वाढलं. चौघांची तिकिटं परवडेनात, म्हणून डिसेंबरची नाशिकची फेरी रद्द करावी लागली. उन्हाळ्यात येऊ, असं बाबांना सांगितलं. बाबा मार्चमध्ये गेले. तेव्हापासून वहीत भाड्याच्या खालची ओळ नाशिकच्या तिकिटांची असते. बाकी सगळं त्यानंतर.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लंडनमध्ये शिकायला येणाऱ्याने फीशिवाय राहण्याखाण्याचे किती पैसे दाखवायचे, हे ब्रिटिश सरकारच ठरवतं. जानेवारी 2025 मध्ये तो आकडा दरमहा 1,483 पौंड होता, आणि असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. त्या वेळच्या दराने नऊ महिन्यांचे 13,347 पौंड होत होते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. त्या कमाईवर फीचं गणित मांडू नका. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदतही, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी दीड वर्षावर येणार आहे.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. मुलगा शिकून परत आला आणि पुण्यात किंवा नाशिकमध्ये नोकरीला लागला, तर त्या पगारातून कर्जाचा हप्ता निघेल का? निघत असेल तर खुशाल पाठवा. निघत नसेल तर घराची कागदपत्रं बँकेत नेण्याआधी मला फोन करा.

खोली न पाहता कोणालाही पैसे पाठवू नका. इंग्लंडमध्ये घराची अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. 1932 पासून चालू असलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे मुलांनी जावं. आणि आपल्या वर्गातलं कुणाचंही मूल येणार असेल, तर पहिला आठवडा ते आमच्याकडे राहील. माझा नंबर ग्रुपवर आहेच.