सर्व्हे नंबराने ओळखले जाणारे जनुक

एखाद्या शेताला मालकाने नाव ठेवलेले नसले, तरी सरकारी दप्तरात त्याला सर्व्हे नंबर असतोच. त्या नंबरावरून शेत कोठे आहे हे कळते. त्यात ज्वारी पिकते की नुसते गवत माजते, हे मात्र कळत नाही. मानवी शरीरातील कित्येक जनुकांची ओळख आजही अशीच नंबरापुरती आहे. त्यांपैकी एका जनुकाची हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे. त्याचे नाव 'सी-९-ओआरएफ-७२'.

आपल्या पेशींच्या केंद्रात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांवर ए, टी, जी आणि सी अशा चारच रासायनिक अक्षरांत एक प्रचंड मजकूर लिहिलेला आहे. एका संचात ही अक्षरे सुमारे ३०० कोटी भरतात. या मजकुराच्या ज्या भागात एखादे प्रथिन तयार करण्याची कृती असते, त्याला स्थूलमानाने जनुक म्हणतात. अशी प्रथिने घडविणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार आहेत. हा मजकूर वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले; पण वाचलेले सारेच समजले असे नव्हे. जेथे प्रथिनाची कृती दिसली पण त्या प्रथिनाचे कार्य उमगले नाही, तेथे तात्पुरता नंबर टाकण्यात आला. प्रस्तुत नावातील 'सी' म्हणजे क्रोमोसोम अर्थात गुणसूत्र, ९ हा त्या गुणसूत्राचा क्रमांक, 'ओआरएफ' म्हणजे प्रथिनाच्या दृष्टीने सलग वाचता येणारा मजकूर, आणि ७२ हा केवळ अनुक्रमांक होय.

या नंबराकडे जगाचे लक्ष गेले ते दोन दारुण व्याधींमुळे. पहिली एएलएस. हिचे वर्णन पॅरिसचे वैद्य झाँ-मार्तें शार्को यांनी १८६९ साली केले. स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी हिच्यात क्रमाक्रमाने नष्ट होतात. आरंभी सदऱ्याचे बटण लागेनासे होते, पुढे चालणे, बोलणे, गिळणे आणि अखेर श्वास घेणेही अवघड होते. बहुतेक रुग्ण लक्षणे दिसल्यापासून दोन ते पाच वर्षेच जगतात. दुसरी व्याधी मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांची झीज करणारी. हिच्यात माणसाचा स्वभावच पालटतो. आयुष्यभर सौम्य असलेला गृहस्थ आडदांडपणे वागू लागतो आणि त्याचे त्यालाच काही वाटत नाही. घरच्यांना वाटते, याला झाले आहे तरी काय!

एकाच कुटुंबात भावाला एक आणि बहिणीला दुसरी व्याधी झाल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या पाहण्यात होती. त्याचा उलगडा २०११ साली झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील संशोधकांचा एक गट, व तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या नेतृत्वाखालील दुसरा गट, यांना एकाच सुमारास या नवव्या गुणसूत्रावर कारण सापडले. या जनुकात जी-जी-जी-जी-सी-सी ही सहा अक्षरे पाठोपाठ येतात. निरोगी माणसात ही आवर्तने बहुधा तीसपेक्षा कमी असतात. या रुग्णांत ती शेकडो, क्वचित हजारोही असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत आनुवंशिक एएलएसच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत हा दोष आढळतो. आशियात त्याचे प्रमाण बरेच कमी आहे.

दोष सापडला, पण तो रोग कसा घडवितो? येथे तीन संशयित उभे राहतात. पहिला असा, की लांबलेल्या आवर्तनांमुळे जनुकाचे मूळ प्रथिनच कमी तयार होते. हे प्रथिन दोन सोबत्यांसह काम करते आणि पेशीतील केरकचऱ्याची विल्हेवाट लावण्यात त्याचा हात असतो, असे दिसून आले आहे. परंतु हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या चेतापेशी झिजल्या नाहीत. उलट त्यांची प्लीहा सुजली व रोगप्रतिकारशक्ती बिघडली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. दुसरा संशयित म्हणजे आवर्तनांची आरएनए-नक्कल. तिच्या गाठी पेशीकेंद्रात साचतात आणि इतर उपयुक्त प्रथिनांना अडकवून ठेवतात. तिसरा असा, की मुळात प्रथिनासाठी न वाचावयाचा हा मजकूरही पेशी वाचते आणि त्यापासून पाच प्रकारच्या निरुपयोगी साखळ्या घडविते.

सदोष आरएनए-नक्कलच नष्ट केली तर रोग थांबेल, अशी आशा स्वाभाविक होती. बायोजेन व आयोनिस या कंपन्यांनी तसे औषध मणक्यातील द्रवात टोचून पाहिले. त्या द्रवातील निरुपयोगी साखळ्यांचे प्रमाण खरोखरच घटले. रुग्णांना मात्र गुण आला नाही, आणि २०२२ साली ते काम थांबविण्यात आले. उपचार उशिरा सुरू झाला काय, की खरा अपराधी वेगळाच आहे, की मूळ प्रथिनाची उणीव भरून निघावयास हवी होती? या प्रश्नांचा निकाल लावावयाचा, तर त्या प्रथिनाचे निरोगी शरीरातील कार्य आधी कळले पाहिजे.

तोवर संबंधित कुटुंबांपुढे एक कठीण पेच आहे. आईबापांपैकी एकात हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. रक्ताच्या चाचणीने तो ओळखता येतो. रोग कोणत्या वयात प्रकट होईल, हे मात्र चाचणी सांगत नाही, आणि रोग थांबविणारा उपाय आज हाती नाही. म्हणूनच चाचणीपूर्वी जाणत्या सल्लागाराशी बोलणे आवश्यक मानले जाते. कोणी लग्नापूर्वी, मूल होण्यापूर्वी सत्य जाणू इच्छितो. कोणी ते न जाणताच जगणे पसंत करतो. दोघांच्याही निर्णयाचा मान राखला पाहिजे.

संशोधनाचा पैसा व परिश्रम बहुधा आधीच प्रसिद्ध झालेल्या जनुकांकडे वळतात. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात याच्या उलट वाट धरली. माणसात व फळमाशीत समान असलेली, पण कार्य अज्ञात असलेली २६० जनुके त्यांनी निवडली आणि माशीत ती एकेक करून निष्प्रभ केली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा जनुके माशीच्या जीविताला अत्यावश्यक ठरली! कार्य ठाऊक नाही म्हणून जनुक बिनमहत्त्वाचे समजू नये, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

एखाद्या जनुकाचे कार्य कळले, की त्याचा तात्पुरता नंबर काढून त्याला साजेसे नाव देण्याची शास्त्रज्ञांत रीत आहे. २०११ नंतर हजारो संशोधकांच्या तोंडी बसलेला 'सी-९-ओआरएफ-७२' हा नंबर मात्र अद्याप कायम आहे. रुग्णांच्या कुटुंबांना त्याच्या नावाचे अगत्य नाही. त्या शेतात नेमके काय पिकते, हे लवकर कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.