प्रवाळांचा राखणदार

(सांडोर येथे शिक्षक व ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



वसईचा समुद्र बोंबील-पापलेटांचा. त्याच्या गढूळ पाण्यात प्रवाळखडक वाढत नाहीत. त्यामुळे ‘सर्जन’ मासा आपणांस अपरिचित वाटेल. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा असल्याने त्यास हे नाव पडले. उष्ण समुद्रांत त्याच्या ऐंशीहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक खडकांवरील शेवाळ खाऊन जगतात. हे मासे बेसुमार पकडले गेले, तर शेवाळ माजते आणि कोवळ्या प्रवाळांना जागा उरत नाही. मग प्रवाळांच्या आश्रयाने वाढणारी मासळीही घटते. आपल्या राज्यात मालवणचा प्रवाळयुक्त समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

बाजारात भाव नसलेला मासाही समुद्राच्या कामाचा असतो, हे शिक्षकांनी मुलांना सांगावे; लोकप्रतिनिधींनी पिल्लेही ओढून आणणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यांना आवर घालावा, ही विनंती.