हाडाचा अंतःस्राव : जेरार कार्सेंटी यांचे संशोधन आणि त्याची फेरतपासणी

हाड सतत झिजते आणि सतत भरून निघते. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे घालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग अशा रीतीने दरवर्षी बदलतो. हा मेळ बिघडला आणि झीज वरचढ ठरली, की ऑस्टिओपोरोसिस होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे पुष्कळ आधीच दिसले होते. मात्र, एखादी साधी पेशी ऑस्टिओब्लास्ट होते ती कोणत्या जनुकाच्या हुकमाने, हे १९९०च्या दशकापर्यंत ठाऊक नव्हते. फ्रान्समध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन अमेरिकेत रेणवीय जीवशास्त्राकडे वळलेल्या जेरार कार्सेंटी यांनी ह्यूस्टनमध्ये हाच प्रश्न हाती घेतला.

सुरुवात झाली ऑस्टिओकॅल्सिनपासून. हे प्रथिन लहानसे, माणसात अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे. ते जवळजवळ केवळ ऑस्टिओब्लास्ट पेशींतच तयार होते, म्हणून ते हाडाच्या बांधणीला हातभार लावत असणार, असा सर्वसाधारण समज होता. १९९६मध्ये पॅट्रिशिया ड्युसी, कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी ऑस्टिओकॅल्सिनची जनुके निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांचे हाड कमी भरायला हवे होते. ते जास्त भरले. हे उंदीर पोटाने सुटलेले होते आणि त्यांची वीणही बेताची होती. त्या वेळी या दोन गोष्टींकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढच्याच वर्षी या प्रयोगशाळेची सर्वांत पक्की कामगिरी झाली. ऑस्टिओकॅल्सिनचे जनुक चालू करणारे प्रथिन शोधताना जे हाती लागले, ते आज रन्क्स२ या नावाने ओळखले जाते. ३० मे १९९७च्या ‘सेल’च्या अंकात या एकाच प्रथिनाविषयी चार गटांचे शोधनिबंध शेजारी शेजारी छापले गेले. त्यांतला तोशिहिसा कोमोरी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांचा प्रयोग विलक्षण आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकलेली उंदराची पिल्ले पूर्ण वाढीची जन्मली. त्यांचा सांगाडा जागच्या जागी होता, पण तो सगळा कूर्चेचा. हाड म्हणून कोठेही नाही. बरगड्यांना ताठपणा नसल्याने त्यांना श्वास घेता आला नाही आणि ती जन्मताच मेली. एकच प्रत गेली तर काय होते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक असलेल्या एका आजारात दिसते. क्लायडोक्रेनिअल डिस्प्लेजिया झालेल्या बाळाची टाळू वर्षानुवर्षे भरत नाही, पुढे दातांची जादा रांग उगवते आणि कॉलरबोन अपुरी किंवा अजिबात नसल्याने दोन्ही खांदे छातीपुढे जवळजवळ एकमेकांना टेकवता येतात. पेशी, उंदीर आणि रुग्ण या तिन्ही बाजूंनी एकच उत्तर आले. या शास्त्रात असा योग क्वचितच येतो.

त्याच वर्षी याच प्रयोगशाळेतून मॅट्रिक्स ग्ला प्रोटीनचे काम बाहेर आले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या धमन्यांत चुना साचतो आणि दोन महिन्यांच्या आत धमनी फुटून ते मरतात. कॅल्शियम हाडात जाऊन बसणे ही जितकी नियंत्रित क्रिया आहे, तितकेच ते इतरत्र न बसणेही नियंत्रित असते, हे त्यातून उघड झाले. दोन वर्षांनी कॉयटेल सिंड्रोमच्या रुग्णांमध्ये याच जनुकातले दोष सापडले. कार्सेंटी यांच्या नावाभोवतीच्या नंतरच्या गाजावाजात हा शोध झाकला गेला, हे योग्य झाले नाही.

गाजावाजा सुरू झाला तो २०००पासून. मेदपेशींतून सुटणारे लेप्टिन मेंदूमार्फत हाडाची बांधणी रोखते, असे या गटाने दाखवले. २००७मध्ये त्याची उलट बाजू मांडली गेली : ऑस्टिओकॅल्सिन रक्तात उतरते, स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते आणि शरीरातली साखर व मेद यांच्यावर अंमल चालवते. म्हणजे हाड ही एक अंतःस्रावी ग्रंथीच ठरली. एव्हाना कार्सेंटी कोलंबिया विद्यापीठात आले होते. तेथून पुढे ऑस्टिओकॅल्सिनच्या खात्यावर वृषणातले टेस्टोस्टेरॉन, स्मरणशक्ती, व्यायाम करणारे स्नायू आणि अखेर २०१९मध्ये भीतीच्या क्षणी धडधडणारे काळीजही जमा झाले. इतकी कामे एकाच प्रथिनाच्या गळ्यात पडू लागली, की जाणकार सावध होतात, आणि तसेच झाले.

पहिला खटका सेरोटोनिनवरून उडाला. एलआरपी५ या जनुकात एका प्रकारचा बिघाड झाला तर मुलांची हाडे ठिसूळ होतात आणि दृष्टी जाते. दुसऱ्या प्रकारच्या बदलाने हाडे असाधारण घट्ट होतात. २००८मध्ये विजय यादव, कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी सांगितले की, हे जनुक आपला परिणाम हाडात नव्हे तर आतड्यात घडवते, तेथल्या सेरोटोनिनवर लगाम ठेवून. २०११मध्ये दुसऱ्या गटाने तेच जनुक आतड्यात आणि हाडात वेगवेगळे बदलून पाहिले. आतड्यातल्या बदलाने हाडावर काही परिणाम झाला नाही, हाडातल्या बदलाने झाला. २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रोमोसोझुमॅब हे औषध स्क्लेरोस्टिनला अडवते. स्क्लेरोस्टिन हाडातल्या ऑस्टिओसाइट पेशींतून येते आणि एलआरपी५ व एलआरपी६ यांना दाबून ठेवते. या औषधाच्या यशाने वाद निकालात निघत नाही, तरी पारडे हाडाच्या बाजूला झुकते.

दुसरा खटका मोठा होता. २०२०मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी आपापले ऑस्टिओकॅल्सिनविरहित उंदीर सादर केले. त्यांची रक्तातली साखर सामान्य होती आणि प्रजननातही खोट नव्हती. कोमोरी यांच्या उंदरांत तर टेस्टोस्टेरॉन आणि स्नायूही ठाकठीक निघाले. होय, १९९७च्या अंकातले तेच कोमोरी, एव्हाना नागासाकी येथे. हाडाचे प्रमाणही त्यांच्या उंदरांत वाढलेले नव्हते. बिघाड दिसला तो निराळ्याच ठिकाणी. हाडातल्या कोलाजेन तंतूंची दिशा नीट होती, पण त्या तंतूंना समांतर बसायला हवेत असे खनिजाचे स्फटिक तसे बसले नव्हते, आणि त्या दिशेने हाडाची ताकद कमी भरत होती. म्हणजे ऑस्टिओकॅल्सिनचे काम, १९९६पूर्वी समजले जाई तसे, हाडातच असावे.

हा फरक का पडला असावा, याची कारणे तरुण संशोधकांनी मुद्दाम अभ्यासावीत. उंदरात ऑस्टिओकॅल्सिनची दोन जनुके आणि त्यांना लागून तिसरे भावंड असते. माणसात एकच जनुक. जनुके काढण्याच्या पद्धती निरनिराळ्या, उंदरांचे वाण निरनिराळे, आहारही सारखा असेलच असे नाही. १९९६च्या पद्धतीत तोडलेल्या तुकड्याच्या आसपासच्या जनुकांवर परिणाम झाला असण्याची शक्यता उरते, तर २०२०च्या एका गटाने क्रिस्पर वापरून नेमका छेद घेतला होता. मूळ दाव्याच्या बाजूने बोलणारेही आहेत. त्यांचा भर रक्तात ऑस्टिओकॅल्सिन टोचून मिळालेल्या परिणामांवर आणि वेगळ्या प्रयोगशाळांनी ओळखलेल्या ग्राहींवर आहे. माणसांवरच्या पाहण्यांत ऑस्टिओकॅल्सिनची पातळी आणि मधुमेह यांची सांगड दिसते खरी, पण सांगडीवरून कारण सिद्ध होत नाही. ऑस्टिओकॅल्सिनवर आधारलेले मधुमेहाचे औषध अजून बाजारात नाही. दवाखान्यात या प्रथिनाचा उपयोग आजही पूर्वीइतकाच आहे : रक्ततपासणीत त्याची पातळी पाहून हाड किती वेगाने भरते आहे, याचा अंदाज घेणे.