दोन कारखान्यांचे एक इंजिन



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना आणि नाटक यांवर व्याख्याने होतात. तेथे मोटारीच्या इंजिनासारखा तेलकट विषय घेऊन उभे राहताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. "सोपे करून सांगा," एवढीच अट चिटणीसांनी घातली आहे. ती पाळण्याचा यत्न करतो.

इंजिनाचे मुख्य भाग दोन. खाली बिडाचा जाड ठोकळा, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यात सिलिंडर असतात आणि पिस्टन वरखाली धावतात. त्यावर बोल्टांनी आवळून बसवतात ते हेड. परंतु हे नुसते पातेल्यावरचे झाकण नव्हे. हवा आणि पेट्रोल आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह हेडमध्येच असतात, आणि ठिणगीही तेथेच पडते. ब्लॉक मार सोसतो आणि हेड श्वास घेते, असे म्हटले तरी चालेल. आठ सिलिंडरचे इंजिन इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे असले की चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा होतात, म्हणून हेडेही दोन लागतात.

आता एका इंजिनाचा ब्लॉक आणि दुसऱ्या इंजिनाची हेडे घेऊन तिसरेच इंजिन उभे करणे, हा आजचा विषय. हा काही केवळ हौशी माणसांचा खटाटोप नाही. खुद्द फोर्ड कंपनीने तो केलेला आहे. अमेरिकेत 'ट्रान्स-ॲम' नावाच्या शर्यती होत, आणि त्यांत इंजिन पाच लिटरांच्या आत असावे असा नियम होता. १९६८ साली फोर्डने त्यासाठी काढलेली खास हेडांची इंजिने शर्यतीत टिकली नाहीत. विजेतेपद शेव्हरोलेच्या कॅमॅरोकडे गेले. त्याच सुमारास फोर्डकडे एक नवे, मोठे इंजिन तयार होत होते. ते ओहायोमधल्या क्लीव्हलंडचे म्हणून 'क्लीव्हलंड' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या हेडातले व्हॉल्व्ह तिरपे बसवलेले, त्यामुळे ते मोठे करता येत. अभियंत्यांनी ही हेडे ३०२ घन इंचांच्या लहान इंजिनाच्या मजबूत केलेल्या ब्लॉकवर चढवली, आणि १९६९ साली 'बॉस ३०२' मस्टँग बाजारात आली. चार इंच व्यासाच्या सिलिंडरवर हवा घेणारा व्हॉल्व्ह २.२३ इंचांचा! त्या वर्षीही कॅमॅरोच जिंकली, परंतु १९७० चे विजेतेपद मस्टँगने घेतले.

लहान इंजिनाचे घराणे कॅनडातल्या विंडसर गावच्या कारखान्यावरून 'विंडसर' म्हणून ओळखले जाते. डेट्रॉइटसमोर नदी ओलांडली की हे गाव. दोन्ही नावे जोडून हौशी लोक या संकराला 'क्लेव्होर' म्हणतात. कानाला ते 'क्लेव्हर', म्हणजे हुशार, असे ऐकू येते. करणाऱ्याची त्यात पुष्कळदा थट्टाच होते.

हा संकर शक्य होतो याचे कारण असे की, दोन्ही घराण्यांत शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतले अंतर एकच आहे, ४.३८ इंच, आणि हेडाच्या बोल्टांची भोकेही एकमेकांसमोर येतात. ३०२ च्या ब्लॉकला बोल्ट ७/१६ इंचाचे आणि क्लीव्हलंडच्या हेडाची भोके १/२ इंचाची, म्हणून तेथे बुश घालावे लागतात. विंडसरचाच ३५१ घन इंचांचा थोरला भाऊ घेतला तर तेवढेही नको. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली असे वाटते, आणि माणूस नेमका येथे फसतो.

कारण बोल्ट जुळले तरी पाणी जुळत नाही. विंडसर इंजिनात पंपाचे पाणी ब्लॉकमधून मागे जाते, मागच्या बाजूने हेडात चढते, हेडातून पुढे येते आणि तेथून मॅनिफोल्डमध्ये शिरून रेडिएटरकडे परतते. क्लीव्हलंडमध्ये हेडातले पाणी पुन्हा खाली ब्लॉकमध्येच उतरते. त्याच्या मॅनिफोल्डला पाण्याचा स्पर्शही नसतो. म्हणून क्लीव्हलंडचे हेड विंडसरवर बसवायचे तर त्याच्या तळाचे टोकाकडील चौकोनी भोक बुजवावे लागते, आणि मॅनिफोल्डच्या अंगाला नवे भोक पाडून पाण्याला वाट करून द्यावी लागते. मॅनिफोल्डही खास लागतो, कारण ब्लॉकची उंची बदलली की दोन हेडांमधले अंतर बदलते.

पिस्टनची गोष्ट निराळी. व्हॉल्व्ह तिरपे, म्हणून पिस्टनच्या माथ्यावरचे खळगे त्यांच्याच जागी हवेत. ते पाहण्याची रीत मुलांच्या खेळासारखी आहे. पिस्टनच्या माथ्यावर मऊ चिकणमाती थापायची, हेड बसवायचे, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे आणि हेड उतरवून माती सुरीने कापायची. सर्वांत पातळ जागी तिची जाडी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपाशी ८० हजारांश इंच आणि धुराच्या व्हॉल्व्हपाशी १०० हजारांश इंच तरी भरली पाहिजे. त्याहून कमी भरली तर भर वेगात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडेल, आणि मग मोजण्यासारखे काही उरणार नाही.

हेडांच्या निवडीत आमचे मत थोडे वेगळे आहे. '४व्ही' छापाची मोठ्या घशाची हेडे सर्वांना हवी असतात. (यातला 'व्ही' व्हॉल्व्हचा नव्हे, कार्ब्युरेटरच्या घशांचा.) शर्यतीत ती शोभतात, गावातल्या रस्त्यावर हळू चालताना त्या रुंद वाटेत हवा रेंगाळते. ऑस्ट्रेलियात फोर्डने ३०२ घन इंचांचे क्लीव्हलंड काढले होते, त्याची लहान घशाची आणि लहान पोकळीची हेडे रोजच्या गाडीला अधिक बरी.

हे सारे आम्ही १९९४ साली ओहायोत आमच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये शिकलो. ३५१ विंडसरचा ब्लॉक आणि मोडीतल्या गाडीची क्लीव्हलंड हेडे. भोके बुजवली, नवी पाडली, माती कापली. हेडाची पोकळी ब्युरेटने थेंब थेंब स्पिरिट सोडून मोजली. एका सिलिंडरचे आकारमान ७२० घन सेंटिमीटर. वर एकूण ८० ची जागा उरली तर दाब दसपट, ९० उरली तर नऊपट. आम्ही नऊच्या किंचित वर थांबलो.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. तासाभराने डाव्या बाजूने पांढरी वाफ येऊ लागली, पण उष्णतेचा काटा जागचा हलला नव्हता! हेड उतरवले तेव्हा शेवटच्या, आठव्या सिलिंडरपाशी गॅस्केट जळालेले होते आणि हेड वाकले होते. डावे गॅस्केट आम्ही उलटे बसवले होते. पाणी मागे जाण्याऐवजी पुढूनच चढून पुढूनच निघून जाई, आणि काटाही पुढेच असल्याने त्याला मागची आग कशी कळावी? त्या गॅस्केटवर 'पुढची बाजू' असे ठळक छापलेले होते. शेजारी काही बोलला नाही. हेडे त्याची होती.

वाकलेले हेड मिलिंग करून सपाट केले, तशी त्याची पोकळी घटली. दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहावा म्हणून दुसरे चांगले हेडही तेवढेच तासावे लागले. ब्युरेट पुन्हा काढली, माती पुन्हा थापली. यात तीन रविवार गेले.

गॅस्केट नीट बसले असेल तर त्याचे चौकोनी कोपरे ब्लॉकच्या पुढच्या अंगाला हेडाखालून किंचित बाहेर डोकावतात. अजूनही असे इंजिन कोणी कौतुकाने दाखवले तर आम्ही आधी खाली वाकून ते दोन कोपरे शोधतो, आणि मग कौतुक करतो.