मनोविकारतज्ज्ञाची घडण



हाड मोडले तर ते क्ष-किरण चित्रात दिसते, रक्तातील दोष प्रयोगशाळेत सापडतो. मनाच्या बहुतेक विकारांना दाखवून देणारी अशी चाचणी वैद्यकशास्त्राला अद्याप लाभलेली नाही. रुग्ण काय सांगतो, कसे सांगतो आणि काय सांगावयाचे टाळतो, यावरच निदान बव्हंशी उभे राहते. म्हणून मनोविकारतज्ज्ञाचे शिक्षण हे प्रथमतः ऐकण्याचे शिक्षण होय. ते कसे होते आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्ह्यात त्याची कसोटी कशी लागते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

तीन वर्षांची उमेदवारी

एम.बी.बी.एस. झाल्यानंतर मनोविकारशास्त्रातील एम.डी. पदवीसाठी तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. 'निवासी' हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. दिवसा बाह्यरुग्ण विभाग आणि रात्री तातडीची सेवा, असा हा क्रम असतो. रुग्णाची वागणूक, बोलणे, भावावस्था, विचारांची संगती, स्मृती आणि सारासारविवेक यांची क्रमवार नोंद करण्यास तो शिकतो. मज्जाविकार, बालकांचे मानसिक आजार व व्यसनमुक्ती या शाखांचाही अनुभव घेतो, आणि अखेरीस प्रबंध सादर करतो.

त्याला मिळणारा पहिला धडा मात्र मनाचा नसून शरीराचा असतो. रात्री असंबद्ध बडबडणारा रुग्ण आला की त्याला वेडा ठरविण्यापूर्वी मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप, रक्तातील साखरेची घट किंवा डोक्याचा मार यांचा शोध घ्यावा लागतो. अनेक वर्षे मद्य घेणारा मनुष्य ते एकाएकी थांबवितो आणि दोन-तीन दिवसांनी थरथरू लागतो, नसलेल्या वस्तू पाहू लागतो. हा भुताटकीचा प्रकार नसून जिवावर बेतणारा आजार आहे, हे ओळखण्यास विलंब लागून चालत नाही.

दुसरा धडा अधिक कठीण. विष प्राशन करून वाचलेल्या तरुणाशी बोलताना उपदेश करण्याचा मोह आवरावा लागतो. रोज इतरांचे दुःख ऐकणाऱ्याचे स्वतःचे मनही थकते. यास्तव वरिष्ठांशी नियमित चर्चा करणे हा या शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला जातो.

महाविद्यालयाबाहेरचे तीन महिने

२०२० साली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत महत्त्वाची सुधारणा झाली. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करावे, असे ठरले. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात अशी नेमणूक झाली, की शहरातील वॉर्डात न मिळणारे शिक्षण सुरू होते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती आणि तीत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिली, पावरी, मावची, अहिराणी अशा बोली येथे नांदतात. प्रमाण मराठीत शिकलेला डॉक्टर "उदास वाटते का?" असे विचारतो, आणि त्या शब्दाशी रुग्णाची ओळखच नसते. त्याचे दुःख छातीच्या धडधडीतून, जड झालेल्या अंगातून, उडालेल्या झोपेतून बोलते. दुभाषी म्हणून नातेवाईक पुढे येतात. रुग्ण स्त्री पाच मिनिटे बोलते, आणि नातेवाईक सांगतो, "झोप येत नाही म्हणते." उरलेले सारे वाटेतच गळते. आशा कार्यकर्ती किंवा स्थानिक परिचारिका शेजारी असली आणि रुग्णाचा शब्द न शब्द सांगण्याची सवय तिला असली, तर हेच निदान बदलू शकते.

श्रद्धा कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो, हाही मोठा प्रश्न. ज्या समजुती साऱ्या समाजाच्या आहेत, त्यांना शास्त्र संभ्रम मानत नाही. पूजाविधीत अंगात येणारा मनुष्य त्यामुळेच रोगी ठरत नाही. कोणती वागणूक रीतीची आणि कोणती रीतीबाहेरची, हे पाड्यावरील वडीलधाऱ्यांना डॉक्टरपेक्षा आधी कळते. "हा पूर्वी असा नव्हता," हे त्यांचे वाक्य निदानात मोलाचे असते.

या जाणतेपणाचा अभाव प्राणघातक ठरू शकतो. एखादी एकाकी स्त्री आपल्याशीच पुटपुटू लागते, तिला न दिसणाऱ्यांचे आवाज ऐकू येतात. त्याच सुमारास पाड्यात एखादे मूल दगावते, आणि तिच्यावर 'डाकीण' असा शिक्का बसतो. अशा छळाविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे. तथापि कायदा पोहोचण्यापूर्वी उपचार पोहोचला, तर तो शिक्का बसण्याचीच वेळ येत नाही. म्हणून भगताचा उपहास न करता, त्याच्याकडे आलेला रुग्ण दवाखान्यातही यावा, असे संबंध जोडणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न सातत्याचा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी येथील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून त्याला जिल्हा पातळीवरील रूप मिळाले. रुग्णाच्या गावाजवळ उपचार, हे त्याचे सूत्र. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी डोंगराळ भागाची अडचण त्यावरून ध्यानी यावी.

औषधांचा गुण दिसण्यास अनेकदा काही आठवडे लागतात आणि ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. इकडे पावसाळा सरला, की धडगाव-अक्कलकुव्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. गोळ्या संपतात, आजार उलटतो. तिकडे तीन महिने पुरे होताच निवासी डॉक्टरही परततो. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही वाटेवरचे असतील, तर उपचार कोणी टिकवावा? याचे उत्तर नीट लिहिलेल्या नोंदीत आहे, स्थलांतरापूर्वी दिलेल्या पुरेशा औषधांत आहे आणि गावातच राहणाऱ्या आशा कार्यकर्तीत आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही जोडीला आहे. त्यावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो.

नंदुरबार येथे २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या मातीतली, येथील बोली बोलणारी मुले-मुली उद्या डॉक्टर होतील. त्यांतील काहींनी मनोविकारशास्त्राची वाट धरली, तर दुभाष्याची गरज उरणार नाही. तोवर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरने येथून एक गोष्ट शिकून जावी आणि एक मागे ठेवून जावी. शिकावयाची ती रुग्णाची भाषा, आणि मागे ठेवावयाची ती पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल अशी स्वच्छ, पूर्ण नोंद.