तळणीचे तेल आणि इंजिनाचे तेल



वसंत व्याख्यानमालेत थोर पुरुषांची चरित्रे, संतवाङ्मय, इतिहास असे विषय यावेत हा आपल्याकडचा परिपाठ आहे. आजचा विषय त्या मानाने फार खालच्या पायरीवरचा, म्हणजे चुलीजवळचा आहे. भज्यांचा शेवटचा घाणा निघाल्यावर कढईच्या बुडाशी जे काळपट, दाट तेल उरते, त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

या तेलाला आज तीन वाटा आहेत. दुसऱ्या दिवशी त्यातच नवे तेल ओतून ते पुन्हा चुलीवर चढते, ही पहिली. मोरीतून नाल्यात जाते, ही दुसरी. स्वस्तात विकले जाऊन कोणा तिसऱ्याच्या कढईत पडते, ही तिसरी. चौथीही एक वाट आहे, आणि ती इंजिनाकडे जाते. या तेलापासून डिझेलसारखे इंधन तयार होते. त्याला बायोडिझेल म्हणतात. घरच्या घरी, पिंप आणि बादली एवढ्या सामग्रीवर ते करणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. ते कसे करतात, त्यात धोका कोणता, आणि आपल्यासारख्या गावाने त्यातले काय घ्यावे व काय टाळावे, याचा आज विचार करू.

डिझेल हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की ते एका माणसाचे नाव आहे हे आपण विसरतो. रूडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनीअर. त्याने आपल्या यंत्राची पहिली चाचणी १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्ग येथे घेतली, आणि १८९७ मध्ये यंत्र खऱ्या अर्थाने यशस्वी झाले. १० ऑगस्ट हा दिवस आज जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. शेंगदाण्याच्या तेलाची गोष्ट खरी आहे, परंतु ती १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनातली. तेथे ऑटो कंपनीने ठेवलेले एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले, आणि इतके सुरळीत चालले की इंधन निराळे आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकेतील वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग करून पाहावयाचा होता. पुढे खनिज तेल स्वस्त आणि मुबलक झाले आणि शेंगदाणा आपल्या जागी, म्हणजे स्वयंपाकघरात, परत गेला.

मग आज कढईतले तेल गाळून सरळ इंजिनात का ओतू नये? याचे उत्तर दाटपणात आहे. खाण्याचे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. जुने इंजिन तेवढ्यापुरते चालेलही, पण नोझलमधून या तेलाचा बारीक फवारा उडत नाही. ते अर्धवट जळते, नोझलवर आणि पिस्टनच्या कड्यांवर काजळी धरते, आणि काही दिवसांनी मिस्त्रीला बोलवावे लागते. तेव्हा आधी तेलाचा दाटपणा मोडला पाहिजे.

तो कसा मोडतो हे समजावयास आपल्या शेतातली तिफण पुरे आहे. तिफणीत एका आडव्या लाकडात तीन फण बसवलेले असतात. तेलाचा कण असाच असतो. ग्लिसरीनच्या एका लाकडात स्निग्ध आम्लांचे तीन लांब फण. हे तिन्ही फण सोडवून प्रत्येकाला अल्कोहोलची एक लहानशी मूठ बसवली, की दाट तेलाचे पातळ इंधन होते आणि मोकळे झालेले ग्लिसरीन खाली बसते. ही क्रिया रसायनशास्त्राला १८५३ पासून ठाऊक आहे. १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान या प्राध्यापकाने अशा इंधनाचे पेटंट घेतले, आणि १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लूवाँ या मार्गावर पामतेलापासून केलेल्या इंधनावर बस धावली. म्हणजे ही विद्या कालपरवाची नव्हे.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम तेल फडक्यातून गाळून घ्यावयाचे व तापवून त्यातले पाणी पूर्ण उडवावयाचे. भज्यांच्या पिठातले, बटाट्यातले पाणी तेलात राहिलेले असते, आणि पाणी या कामातला पहिला शत्रू आहे. ते राहिले की इंधनाऐवजी साबण होतो.

दुसरी पायरी म्हणजे तेलाची परीक्षा. जितके तेल अधिक वेळा तळलेले, तितके ते आंबट, म्हणजे आम्लयुक्त. एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवतात. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकतात, आणि सोड्याचे ते पाणी थेंबाथेंबाने सोडतात. गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबावयाचे. जितके मिलिलिटर पाणी लागले, तितके ग्रॅम सोडा लिटरमागे जादा घालावयाचा. नव्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम लागतो. परीक्षेत दोन मिलिलिटर खर्च झाले तर साडेपाच ग्रॅम. शाळेच्या प्रयोगशाळेत अकरावीचा विद्यार्थी जी परीक्षा करतो, तीच ही.

तिसरी पायरी. एका लिटर तेलास २०० मिलिलिटर मिथेनॉल घ्यावयाचे, त्यात मोजलेला सोडा पूर्ण विरघळवावयाचा, आणि ते मिश्रण पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापवलेल्या तेलात घालून बंद भांड्यात तासभर ढवळावयाचे. मिथेनॉल ६५ अंशांच्या आत उकळते, म्हणून उष्णता त्याखालीच राखली पाहिजे. मग रात्रभर स्थिर ठेवावयाचे. सकाळी तळाशी काकवीसारखे गडद ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचे इंधन, असे दोन थर स्पष्ट दिसतात. खालचा थर काढून टाकला की वरच्या थरातला साबण व सोडा पाण्याने धुऊन काढतात आणि शेवटी इंधन कोरडे करतात. काम नीट झाले की नाही याची सोपी कसोटी अशी: २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये तीन मिलिलिटर इंधन टाकावे. सगळे विरघळले तर तेल पूर्ण पालटले. तळाशी तेलाचे थेंब राहिले तर काम अर्धे आहे. साधारणपणे शंभर किलो तेल आणि खर्ची पडणारे अकरा किलो मिथेनॉल यांतून शंभर किलो इंधन आणि दहा किलो ग्लिसरीन असा हिशेब बसतो.

ऐकताना हे शंकरपाळे करण्याइतके सोपे वाटते. म्हणूनच आता धोक्याची बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे.

मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरावर माणसे दारू पिऊन मेली, ती दारूतल्या मिथेनॉलमुळे. ते प्यावेच लागते असे नाही. त्याची वाफ आणि कातडीवरचा ओलावाही शरीरात जातो. ते चटकन पेट घेते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. आग लागली आहे हे हात भाजल्यावरच कळते. कॉस्टिक सोड्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. त्यामुळे ज्या घरात चूल किंवा गॅस पेटतो, मुले खेळतात, पाण्याच्या बाटल्या आणि औषधाच्या बाटल्या एकाच फळीवर असतात, त्या घरात हे काम होता कामा नये. मिथेनॉल बाळगण्यास परवाना लागतो तो उगाच नव्हे. कोणी विचारील, आपल्या साखर कारखान्यांतले इथेनॉल का वापरू नये? वापरता येते, परंतु त्यातला पाण्याचा अंश काढणे अवघड, थर वेगळे होणे त्याहून अवघड, आणि त्यावर अबकारीची देखरेख. म्हणून सगळीकडे मिथेनॉलच वापरले जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर इंधन धुण्यास लिटर-दोन लिटर पाणी सहज जाते, आणि ते साबणाचे, सोड्याचे पाणी मागे उरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूर शहराने तहान भागवली, हे आपण विसरलेलो नाही. त्या मुलखात घरोघर इंधन धुवावयाचे आणि ते पाणी घरणीच्या पात्राकडे सोडावयाचे, याला उद्योग म्हणता येणार नाही. कोरड्या भुशातून इंधन गाळण्याची रीत आहे, परंतु ती जाणकारानेच करावी.

आता वापराविषयी. हे इंधन धूर कमी करते आणि डिझेलपेक्षा पुष्कळ अधिक उष्णतेवर पेट घेते, म्हणून साठवणीस सुरक्षित आहे. त्यातली शक्ती मात्र सुमारे दहाव्या हिश्शाने कमी. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या ते मऊ करते, आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवून पहिल्या काही दिवसांत फिल्टर तुंबवते. आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती महत्त्वाची. हॉटेलातले तळण बहुतेक पामतेलाचे असते. त्याचे इंधन पंधरा अंशांच्या आसपास गढुळू लागते. रब्बीच्या पाण्याची पाळी पहाटे आली आणि मार्गशीर्ष-पौषाची थंडी असली, तर इंजिन सुरूच होणार नाही. सोयाबीनच्या तेलाचे इंधन थंडीत बरे टिकते, पण हवेने लवकर बिघडते. म्हणून ते डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळून वापरणे, तेही पाण्याच्या पंपासारख्या साध्या, जुन्या इंजिनात, हेच शहाणपणाचे. नव्या ट्रॅक्टरवर प्रयोग करू नये. आणि विक्रीचे म्हणाल, तर केंद्र सरकारच्या २०१९ च्या नियमांनी तिला नोंदणीचे बंधन घातले आहे. रस्त्याकडेला टाकी मांडून विकणे हा गुन्हा आहे.

मग इतके सारे धोके सांगावयाचे असतील तर हा विषय घेतलाच कशाला, असे आपल्या मनात आले असेल. तो घेतला, कारण हे तेल इंजिनात गेले नाही तर ते माणसाच्या पोटात जाते.

पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात जे बिघडलेले पदार्थ साठतात, त्यांचे प्रमाण शंभरात पंचवीसपेक्षा अधिक झाले की ते तेल खाण्यास अयोग्य, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना निघाली. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी असे बायोडिझेल पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपयांनी घेण्याचे जाहीर केले. पण ती योजना शंभर शहरांपुरती होती, आणि तेलाची नोंद ठेवण्याची सक्ती रोज पन्नास लिटरांवर तेल लागणाऱ्यांना. आपल्या बसस्थानकावरच्या भजेवाल्याला ना ते शहर लागू, ना ती सक्ती. त्याचा गल्ला लहान, तेलाचा डबा महाग. काल उरलेले दोन लिटर तेल तो फेकून देईल ही अपेक्षा उपदेशाने पुरी होणार नाही. त्या दोन लिटरांना कढईबाहेर काही किंमत मिळाली, तरच ते कढईबाहेर पडेल. आणि तेथे उभ्याने भजे खाणारा कोण असतो? सकाळी कामावर निघालेला मजूर, बाजाराला आलेला शेतकरी, एस.टी.ची वाट पाहणारा विद्यार्थी. तेव्हा हा प्रश्न इंधनाचा जितका आहे, त्याहून अधिक या माणसांच्या आरोग्याचा आहे.

हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या गावात तळण करणारे चाळीसजण आहेत आणि प्रत्येकाकडे रोज एक लिटर तेल उरते. महिन्याचे झाले बाराशे लिटर. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर पिते. म्हणजे बाराशे तासांचे पाणी. यात तालुक्याचे ट्रॅक्टर चालणार नाहीत, पण ते तुच्छही नाही. आणि कोणी ताजे खाद्यतेल या कामी लावू म्हणेल, तर त्याला हात जोडावे. जो देश आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्याने करडई आणि सोयाबीन इंजिनाला पाजू नये. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाच्या लागवडीतून देशाचे डिझेल पिकवण्याच्या मोठ्या गोष्टी झाल्या. पडीक जमिनीत, पाण्यावाचून बी भरपूर येईल हे गृहीतच खोटे ठरले.

लहान प्रमाणावर, पण एकत्र मिळून केलेले काम मात्र टिकण्याजोगे असते. ओडिशातील किंचलिंगी या आदिवासी गावात ग्रामविकास या संस्थेच्या साहाय्याने, सायकलसारख्या पायाने फिरवावयाच्या यंत्रावर मोहाच्या आणि करंजाच्या तेलाचे बायोडिझेल करून पिण्याच्या पाण्याचा पंप चालवला गेला. तेथे प्रत्येक घराने आपले पिंप मांडले नाही. एक जागा, शिकवलेली माणसे आणि सगळ्यांच्या उपयोगाचे एक काम, अशी ती मांडणी होती.

आपल्यालाही तेच करता येईल. घरोघर मिथेनॉल नको, परंतु घरोघर एक झाकणाचा डबा असावा. दुकानदारांकडून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावाने तेल घ्यावे, पाणी मिसळले नाही एवढे पाहावे. गुलाबी रंगाची ती परीक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करावी. विद्यार्थ्यांना त्याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणार नाही. साठा पुरेसा झाला की नोंदणी असलेल्या संग्राहकाकडे तो पोचवावा. आणि पुढे रीतसर परवाने, जाणकार माणूस व वस्तीपासून दूर जागा मिळाली, तरच स्वतः इंधन करण्याचे मनात आणावे.

पूर्वी आपल्या गावांत घाणा होता. कोणाच्या घरचे किती तेल, ते कशाचे, हे सगळ्यांना ठाऊक असे. आता तेल डब्यातून येते आणि कढईतून कोठे जाते ते कोणी विचारत नाही. ते विचारण्यास आजपासून आरंभ करावा, एवढीच आपणास विनंती आहे.