जेवत्या पानावरून उठवू नये



मी वळसंगचा. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना आमचं गाव लागतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळं ‘मी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची छायाचित्रं काढतो’ असं सांगितलं, की लोक हसतात. “तुमच्याकडं कुठला आलाय किनारा?” असं विचारतात. किनारा आहे, फक्त तो समुद्राचा नाही, तलावाचा आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा ओहोटी लागते आणि ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. आमच्याकडची ओहोटी वर्षातून एकदाच येते, पण ती उन्हाळ्यापर्यंत चालते. दिवाळी झाली, की होटगीचा तलाव, तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव, उजनीचं दूरवर पसरलेलं पाणी हळूहळू मागं सरकू लागतं. दर आठवड्याला चिखलाची एक नवी पट्टी उघडी पडते. तिच्यात अळ्या, किडे, बारीक गोगलगायी असतात. हेच या पक्ष्यांचं वाढलेलं पान. त्यासाठी काही पाहुणे थेट उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतात.

या पंगतीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पाण्यात उभा राहून जेवतो. पंटिलवा आपली लांब चोच चिखलात खोल रुतवतो. चिमणीएवढा छोटा टिलवा अगदी पाण्याच्या कडेनं भराभर टोचत जातो. चिखल्या मात्र नजरेवर जगतो. चार पावलं धावायचं, थबकायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं. ही मराठी नावं आज आपल्या हाताशी आहेत, त्यात सोलापूरच्याच मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या ‘पक्षिकोशा’चा वाटा मोठा आहे.

कोण कुठं जेवतो हे एकदा कळलं, की छायाचित्र निम्मं झालं म्हणून समजा. कारण मग पक्ष्याच्या मागं धावावं लागत नाही. तो जिथं येणार तिथं आधी जाऊन बसता येतं. मी उजाडायच्या आत पोचतो. सूर्य पाठीमागं येईल अशी जागा धरतो. वाराही पाठीमागून असेल तर उत्तमच, कारण पक्षी वाऱ्याकडं तोंड करून उतरतात. मग चिखलातच पालथं पडायचं. कॅमेऱ्याखाली तिपाई नको. ज्वारी भरलेली कापडी पिशवी पुरते. लेन्स जमिनीलगत आली, की पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो आणि माणूस बुटका झाल्यामुळं त्याची भीतीही कमी होते. शेकाट्यासारखा काळा-पांढरा पक्षी असेल, तर पांढऱ्या पिसांवर बेतून प्रकाश मोजावा. नाहीतर भोवतालच्या काळ्या चिखलापायी पांढरा रंग पार उडून जातो.

पूर्वी छत्तीस चित्रांचा रोल असे. माणूस विचार करून बटण दाबी. आता कार्डावर हजारो चित्रं मावतात आणि प्रत्येकाला थवा उडतानाच हवा असतो. एकदा तलावाकाठी म्हशी राखणारा एक पोरगा माझ्याजवळ आला. त्यानं इतरांना पाहिलं असावं. म्हणाला, “सर, ढेकूळ मारू का? समदी एकदम उडत्याल, झ्याक फोटू येईल.” मी म्हटलं, “नको रे बाळा, जेवताहेत ती.” त्याला ते चटकन पटलं. “जेवत्या पानावरनं उठवू नये, आमची आजीबी म्हणती,” एवढं बोलून तो माझ्याशेजारी बसून राहिला.

आजीचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. छोट्या टिलव्याचं वजन वीस-तीस ग्रॅम. उन्हाळा लागला, की त्याला सैबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला परत जायचं असतं. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगात साठवलेली चरबी. आपल्या पंटिलव्याच्या पट्टेरी शेपटीच्या चुलतभावानं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचं अंतर अकरा दिवसांत, कुठंही न उतरता कापलं. तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. पाठीवरच्या छोट्या ट्रान्समीटरमुळं हे कळलं. अकरा दिवस ना दाणा, ना पाणी. सारा भार आधी खाल्लेल्यावर. आपण थवा उठवतो तेव्हा त्या शिदोरीतला घास काढून घेतो. आणि सकाळभरात चार जणांनी चारदा उठवलं, तर चार घास.

उन्हाळ्यात तर याहून जपायला हवं. टिटवी, चिखल्या, नदी सुरय हे पक्षी इथंच, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर सावली धरते. आपण चित्रासाठी जवळ बसून राहिलो, तर ती परत येत नाही आणि थोड्या वेळात अंडी अक्षरशः भाजून निघतात. म्हणून घरट्याचं चित्र काढायचं नाही, हा माझा नियम आहे.

मग किती जवळ जावं? हे पक्षीच सांगतो. चोच खाली आहे तोवर ठीक. खाणं थांबवून त्यानं मान वर केली, की तिथंच थांबावं. टिटवी ओरडू लागली, तर मागं सरावं. पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली, तर चित्र अंधूक आलं तरी जपून ठेवावं. तारीख-ठिकाणासह ते पक्षी-अभ्यासकांकडं पाठवावं. तो पक्षी कुठून आला याचा पत्ता त्यावरून लागू शकतो.

आणि निघतानाही ताडकन उभं राहू नये. पक्षी चरत चरत पुढं सरकेपर्यंत थांबावं, मग वाकून मागं फिरावं. कपडे चिखलानं भरतात, घरी बोलणीही बसतात. पण आपल्यामागं पंगत तशीच चालू राहिलेली असते. माझ्या लेखी त्या दिवशीचं काम चांगलं झालं, याची हीच खूण.